भिंतीतून वर गेलेला कपटा

दादा,
आईला घेऊन मावशीकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गार गिळू नकोस.

बाहेरच्या भिंतींना आगीचा धोका किती, ते तपासणाऱ्या बाई आल्या होत्या. तुझ्या बाल्कनीतला भिंतीवरचा चकचकीत पत्रा त्यांनी उघडला. आत तळापासून गच्चीपर्यंत नुसती पोकळी! बाईंनी टिश्यूचा कपटा आत सोडला. मला वाटलं, पडेल खाली. तर कुणी हाक मारल्यासारखा तो सरसर वर गेला, आणि गच्चीवरून त्यांचा माणूस ओरडला, "आला!" अंगावर काटाच आला माझ्या.

"आग अशीच चढते," बाई म्हणाल्या.

कुंडीमागची तुझी सिगारेटची थोटकं आईला दिसायच्या आत मी उचलली. बाईंना दिसलीच. वरच्यांच्या बाल्कनीत वाळणाऱ्या बाळाच्या दुपट्यांकडे नुसत्या बघत राहिल्या.