निळ्या झेंड्याचं घर

मंगळवार, संध्याकाळ

मतदार सर्वेक्षणात लोक सांगतील तेच लिहायचं, असं मी धरून चालले होते. आज निफाडजवळच्या वस्तीत एक मावशी म्हणाल्या, "आजून ठरलं नाय गं. समदे येऊन गेले, पाण्याचं कोणीच बोललं नाय." मी 'ठरलेलं नाही' असं नोंदवलं.

परत आल्यावर आमच्या सुपरवायझरांनी ती नोंद पाहिली. "दारावर निळा झेंडा होता ना? मग ठरलेलंच आहे. बदल ते."

"त्या तसं म्हणाल्या नाहीत, सर."

"अशा घरांना विचारावं लागत नाही, मॅडम."

अशा घरांना. आमच्याही दारावर निळा झेंडा आहे, आणि आत आई-बाबा दर निवडणुकीत वेगवेगळं मत देतात, जेवताना भांडतात. शाळेच्या आधी बाबांनी मला पेपरवरून वाचायला शिकवलं. प्रत्येक बातमीला विचारायचे, "हे कोण म्हणतंय?" इथे तर झेंड्यालाच बोलायला लावलंय.

नोंद बदलली की सर्वेक्षण करवणाऱ्या पक्षात 'वस्ती आपलीच' असा मेसेज फिरणार. मग मावशींना पाण्याचं कोण विचारणार?

काम जाईल का? जाईलही. तरी आत्ताच सरांना लिहिलं: "नोंद बदलणार नाही. तुम्ही बदललीत तर त्याखाली माझं नाव नको."

त्यांनी वाचलंय, पण उत्तर नाही. मी उद्या नेहमीसारखी कामावर जाणार. काढायचं असेल तर त्यांनी तोंडाने सांगावं. त्यांच्या गप्प बसण्यावरून मी काही ठरवणार नाही.