अर्ध्या तपासणीतून पळालेल्या बापास

चि. धाकट्यास,

असं कुणी पळतं का रे? नगरपालिकेचे साहेब समोर बसलेले, पोर तुला टेकून उभी, सुई अजून तिच्या फ्रॉकला लटकलेली, आणि तू उठून मागच्या जिन्याने पसार. मी चहा घेऊन वळते तर सतरंजीवर तुझ्या जागी नुसती तुझी चुरगळ. साहेबांनी विचारलं, हिचे वडील कुठे गेले. मी काय सांगणार? म्हटलं, दोरा आणायला गेलेत. अजून तू दोराच आणतो आहेस.

मोठ्या बहिणीने आशीर्वाद आधी लिहायचे असतात, ते रागात राहून गेले, तर इथे मध्येच घे. तुझी तब्येत विचारत नाही, कारण ज्या वेगाने तू जिना उतरलास त्यावरून गुडघे उत्तम आहेत हे कळलं. इकडे तुझ्या दाजींना सर्दी झाली आहे आणि ती साऱ्या गल्लीला ऐकू जाते. मला काही झालेलं नाही, मला काही व्हायला सवड कोण देतो? फोन करून करून माझं बोट झिजलं, तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या दुकानावरून जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. मिळालं नाही असं म्हणू नकोस, मी त्याला तुझ्या हातात देऊनच पुढे जायला सांगितलं आहे, मग बसभर माणसं खोळंबली तरी चालतील.

तुला आधीचं धड माहीत नाही आणि पळाल्यामुळे नंतरचंही नाही, म्हणून मुळापासून सांगते. आमचं बालघर तू बघितलंस. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. शाळा सुटली की पोरं येतात, हात धुतात (म्हणजे ओले करतात), खातात, अभ्यास करतात, भांडतात, लवंडतात, आणि आई कामावरून सुटली की घरी जातात. एखाद्या आईचं घरी काही बिनसलं असेल तर आमच्या मोठ्या बाई तिला आतल्या खोलीत नेतात, दार लोटतात, आणि बाहेर येते तेव्हा तिचा चेहरा जरा बरा दिसतो. झालं, एवढंच काम. पण नगरपालिकेला एवढंच चालत नाही. अनुदान तिच्याकडून येतं आणि तिला दर वर्षी काहीतरी नवीन लागतं, नव्या सुनेला रोज नवा पदार्थ करून दाखवायला लावतात तसं. एका वर्षी म्हणाली, पोषण दाखवा. आम्ही केळी देतच होतो, ती पोषण झाली. पुढच्या वर्षी म्हणाली, पर्यावरण दाखवा. आम्ही डब्यात एक रोप लावलं, केळ्यांची सालं त्यात टाकली, पर्यावरण झालं. (तेव्हाचे साहेब रोपासमोर बराच वेळ उभे होते. मागे पोरं रांगेत गाणं म्हणत होती, त्यांच्याकडे वळून बघितलं नाही.) मग संगणक आला. त्याची वायर अजून यायची आहे. पोरं त्याचं दुकान करतात, वरच्या बाजूला माल मांडतात आणि काचेवर टकटक करून गिऱ्हाईक बोलावतात. आणि यंदा निघालं, वडिलांचा सहभाग. वडील दिसले तर अनुदान, नाहीतर नाही. आणि अनुदान नाही तर लाँड्रीवाला टपूनच बसला आहे, त्याला आमच्या खोल्यांत चादरी रचायच्या आहेत. मग पोरांनी कुठे जायचं, तर आपापल्या कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर.

आता वडील आणायचे कुठून? मी घरोघर फिरले. एक रंगारी, तो भिंत ओली सोडून येईना. एकाची रात्रपाळी, तो दिवसा उठेना. एक घरीच असतो, पण त्याला बोलावू नका म्हणून त्याच्या बायकोनेच हात जोडले. बाकी काहींचा पत्ता त्यांच्या बायकांनाच नाही, तर मला कुठून असणार? तेव्हा मी म्हटलं, अडला हरी, आणि लाँड्रीच्या शेजारचा सलूनवाला, कोपऱ्यावरचा किल्लीवाला, तुझे दाजी आणि तू, अशी मोट बांधली. मोठ्या बाईंना म्हटलं, वडील येताहेत. कुणाचे ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सरळ माणसाला उगाच कशाला त्रास द्यायचा?

तुला नेमकी ती पोर, गुळणी, का दिली तेही ऐक. तिला आणून सोडते तिची आजी, न्यायला येते ती आजीच, आईबापांचा विषय काढला की आजी पिशवीत काहीतरी शोधायला लागते. पोरीच्या तोंडून आल्यापासून अक्षर नाही. मिठाची गुळणी धरल्यासारखी बसते म्हणून मी गुळणी म्हणते. (मोठ्या बाई म्हणतात असं नाव ठेवू नये. पण पोर त्या नावाला मान वर करते, खऱ्या नावाला करत नाही, मग मी काय करू?) आणि तूही भावजय गेल्यापासून मोजकंच बोलतोस. म्हटलं दोन्हीकडून शांतता, साहेबांना वाटेल केवढं समजूतदार घर आहे.

आणि तू काय केलंस? आल्या आल्या साहेबांना सांगितलंस, तुमच्या पँटची मागची शिवण उसवते आहे, बसताना जपा. अरे, तपासणी त्यांनी आपली करायची असते. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसले. मग तुला गुळणीच्या फ्रॉकचं लोंबणारं बटण दिसलं आणि तू सुई काढलीस. सलूनवाला पोराला मांडीवर घेऊन पुतळ्यासारखा बसला होता, किल्लीवाला डुलक्या काढत होता, दाजी शिंकत होते, आणि साहेब सगळं सोडून तुझ्याकडे बघत होते. तू सुईत दोरा ओवायला तिला दिलास, तिने ओवला. टेप तिच्या गळ्यात घातलीस. इतकं रंगात आलेलं काम टाकून, मेल्या, तू पळालास.

तू गेल्यावर जे झालं ते माझ्यामुळे झालं असं सगळे म्हणतात. माझा काही दोष नाही, सवयीचा आहे. आमच्याकडे प्रत्येक पोराची एक खुंटी असते आणि खुंटीवर एक चित्र. चित्र पोराने स्वतः निवडायचं आणि तोंडाने सांगायचं, विमान म्हण, बादली म्हण. तीच त्याची खूण. घरच्या माणसाने दाराशी येऊन माझ्या कानात खूण सांगितल्याशिवाय मी पोर सोडत नाही, मग दारात कुणीही असो. ही युक्ती माझीच. एकदा एक आजी चष्मा विसरून आली आणि दुसऱ्याचंच पोर घेऊन गेली. पोर गुण्यागोविंदाने जेवलं, झोपलं, आणि त्याची आई इथे ऊर बडवत होती. तेव्हापासून खूण म्हणजे खूण.

तर साहेब उठले आणि म्हणाले, छान, आता वडील मुलांना घरी कसे नेतात तेवढं बघतो आणि निघतो. सगळे बाप पोरांचे हात धरून दाराशी आले. मी दारात उभी. रोज उभी राहते तशी, एक पाय उंबऱ्यात, एक हात चौकटीला. सलूनवाला पुढे झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खूण सांगा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. कसली खूण म्हणाला. मी म्हटलं, मग पोर मिळणार नाही. तो हळूच म्हणाला, अहो, दुपारी तुम्हीच दिलंत ना? तरी माझा हात चौकटीवरून हलेना. किल्लीवाल्याने तर न विचारताच पोर परत केलं, तसा तो प्रामाणिक आहे. मग दाजी आले. त्यांनी खुंट्यांकडे एक नजर टाकली आणि ठोकून दिलं, विमान. पोराची खूण होती किटली. मी म्हटलं, चुकलं, बाजूला व्हा. त्यावर तुझ्या दाजींनी भर तपासणीत काय म्हणावं?

"अगं, मी तुझा नवरा आहे."

म्हटलं, ते माहीत आहे, खूण माहीत नाही.

नंतर माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या, तिथे नुसती भिंत आहे. साहेब सलूनवाल्याजवळ गेले, त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, यांना मी परवाच दुसऱ्या एका संस्थेत वडील म्हणून भेटलो, तिथे यांना मुलगी होती. (सलूनवाल्याने मला हे सांगायला नको होतं का? त्याच्याकडे आता दाजींचे केस कापायला पाठवणार नाही.) मग साहेब पुन्हा त्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. हसताना ती शिवण गेली. सगळ्यांना ऐकू आलं. ते उठेनात. शेवटी गुळणी तुझी टेप घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या दंडाचं माप घेतलं, कशासाठी कोण जाणे. ते बसून राहिले, तिने दुसऱ्या दंडाचंही घेतलं. जाताना फाइल मागे धरून, भिंतीला पाठ लावत जिना उतरले आणि मोठ्या बाईंना म्हणाले, सगळीकडे मला बाप दाखवतात, पोर द्यायला नाही म्हणणारं दार इथेच बघितलं. बाप नसले तर नसोत, मामा, काका, शेजारी, जो पुरुष खरंच येऊन बसतो तो दाखवा. तो शिंपी तरी खरा होता ना?

म्हणून हे पत्र. शुक्रवारी अनुदानाची समिती स्वतः येते आहे. तू यायचं, सतरंजीवर बसायचं, चार बटणं लावायची आणि ती जाईपर्यंत उठायचं नाही. बाप म्हणून नको, शिंपी म्हणून ये. यात खोटं काही नाही, त्यामुळे मलाही जरा अवघडल्यासारखं होतं आहे, पण निभावेन. समितीतल्या कुणाचीही पँट उसवलेली दिसली तरी तोंड बंद ठेवायचं. शुक्रवारी तू आला नाहीस तर लाँड्रीवाल्याच्या चादरी वर चढतील आणि त्या बघून मी रोज तुझं नाव घेईन.

तुझी,
ताई

ता. क. मोठ्या बाई आत्ताच वर आल्या. शुक्रवारी समिती यायचं रद्द झालं, साहेबांच्या सांगण्यावरून अनुदान मंजूर करून टाकलं. लाँड्रीवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं आहे. तेव्हा वरचं सगळं वाया गेलं. एवढं लिहिलं आहे तर पाठवते.

ता. क. दुसरा. तरीही ये. तुझी टेप गुळणी गळ्यातून काढत नाही. खिडकी मोजते, केळं मोजते, झोपलेल्या पोरांची नाकं मोजते. टेप हवी असेल तर स्वतः येऊन माग, मी तिच्याकडून काढून घेणार नाही. आणि तू लावलेलं बटण तुटलं. म्हणजे तुटलं नाही, तिने ओढून काढलं. दुसरंही काढलं. मी लावायला गेले तर मुठीत धरून बसली आणि दाराकडे बघायला लागली. आता फ्रॉक पिनांवर आहे.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. तू साहेबांना घाबरून पळालास असं मी इतके दिवस धरून चालले होते. पण ज्याने साहेबांना तोंडावर पँटचं सांगितलं तो साहेबांना काय घाबरणार? तू दोरा तोडायला वाकलास तेव्हा तिने तुझ्या कानाला तोंड लावलं होतं, मी चहाच्या कपांमागून बघितलं. ओठ हलले तिचे. आणि मी कप उचलून वळते तोवर तू पसार. सगळ्यांच्या खुंटीवर चित्र आहे, हिचीच खुंटी अजून रिकामी आहे, एकट्या हिच्या आजीला मी तोंड बघून पोर देते, आणि ही पोर जन्मात जे काही बोलली असेल ते तुझ्या कानात आहे. ते घेऊन तू दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसला आहेस. भावजयीने तुला असं बसू दिलं नसतं, आणि मीही देणार नाही.

ती काय म्हणाली ते बुधवारच्या संध्याकाळच्या बसच्या आत कंडक्टरकडे लिहून दे, किंवा त्याच बसमध्ये बसून सांगायला ये. काहीच आलं नाही तर गुरुवारी मी माझ्या मनाने त्या खुंटीवर कात्रीचं चित्र काढीन, आणि मग रोज संध्याकाळी ती खूण सांगायला दारात तुला यावं लागेल, कारण आजीला मी ती सांगणार नाही.