तुझं इंजिन चालू झालं

प्रिय भाऊ,

तू जाऊन महिना झाला. तेराव्याला आले तेव्हा तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. पण काल जे झालं ते तुला सुनावल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

वहिनीच्या भावानं तुझ्या शिडाच्या होडीचं जुनं इंजिन टेम्पोतून आणून दिलं. आई मारुतीच्या देवळात गेली होती, नशीब! ह्यांनी ते अंगणात पाण्याच्या पिंपात टांगलं, पेट्रोल घातलं, दोरी ओढली. एकदा नुसतं फुसफुसलं. दुसऱ्यांदा ओढली तर असं धडधडलं की कोंबड्या पळाल्या. "मेल्या!" माझ्या तोंडून निघालं आणि मी जीभ चावली. आता ही शिवीसुद्धा तुला देता येत नाही.

आबा गेले तेव्हा तूच म्हणालास ना, "आईला आखाजीपर्यंत तुझ्याकडे राहू दे, मग होडी घेऊन येतो"? तापीच्या ह्या काठाला मी, त्या काठाला तू. किती लांब रे? दर वर्षी अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, आली की आई लुगड्यांचं गाठोडं बांधून ओट्यावर बसायची. आणि तुझा निरोप यायचा, इंजिन बंद पडलंय. कधी प्लग, कधी पंखा. जुनं इंजिन, त्याचा काय भरवसा!

अरे, मग शीड कशाला होतं? वैशाखात आपल्याकडे वारा घरावरचे पत्रे उडवतो, आणि तुझं शीड म्हणे भरत नव्हतं! बरं, ते सोड. पुलावरून एस.टी. येत नव्हती का?

लेकीच्या घरी राहणं आईला किती लागतं, तुला ठाऊक होतं. जावयासमोर ती अजून अर्धी भाकरी खाऊन उठते. "पोट भरनं," म्हणते. मी तुझ्यावर चिडले की उलट मलाच झापायची. "मन्हा पोऱ्याना काय दोस? बठ्ठा दोस त्या इंजिनना शे!"

आम्हीही खरं मानलं. काल हे सहज म्हणाले, "हे सारखं बंद पडायचं ना?" वहिनीचा भाऊ हसायलाच लागला. "छे हो! दाजींची एक फेरी चुकली नाही. आखाजीला तर माहेरवाशिणींची झुंबड असायची."

लोकांच्या लेकी माहेरी पोचवत होतास, भाऊ! आणि स्वतःची आई?

नको होती तर नको म्हणायचंस. एकदा पोटभर रडली असती, गाठोडं सोडलं असतं, माझ्या घरात पाय पसरून बसली असती. तेवढीही हिंमत नव्हती तुझ्यात? जुन्या इंजिनाच्या आड लपलास!

आई देवळातून आली. पिंपाकडे बघून हळूच विचारलं, "चालू व्हयनं का वं ते?"

मी म्हटलं, "नाही."

तिचा चेहरा असा खुलला रे! ह्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, "देख! खराबच शे ते."

तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण एक वचन देते. आई आहे तोवर ह्या घरात तुझं इंजिन पुन्हा कधी चालू होणार नाही.

तुझी बहीण,
सुमन