दाजींच्या कोटाची ट्रायल

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच साष्टांग, कारण कंबर धरल्यामुळे मी पालथा पडूनच लिहितोय.) तुमचा गुडघा कसा आहे? आणि आमच्या ताईचा राग? लेकीचं लग्न तोंडावर आलं तरी बापाचा कोट आला नाही म्हणून तुम्ही निरोपावर निरोप धाडताय, ते रास्तच आहे. कोट झालाय. त्याचं शेवटी सांगतो, आधी डोंगराचं ऐका.

मला दगडांचं वेड आहे हे तुम्ही जाणताच. (दुकानात मशीनपाशी ठेच लागून तुम्ही जे बोललात ते अजून लक्षात आहे.) हा डोंगर सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. पण मागच्या वेळी रखवालदारानं माझं पोतं जागच्या जागी रिकामं करवलं. पोतं नाही, पहार नाही, विकायचं नाही; सुटे दगड अंगावर घेऊन चालवेल तेवढेच न्यायचे, असा नियम. दुसरा एखादा गप्प घरी बसला असता, पण मी पडलो शिंपी! अंगावर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे खिसेच आले. एक जाड लोकरी कोट हाताशी होता (कोणाचा ते इतक्यात विचारू नका), त्याला आतून खिसेच खिसे लावले, दुहेरी शिवणीचे, आणि चढलो.

खिसे भरले, पाणी प्यायला म्हणून टेकलो, आणि बसलो तो बसलोच. उठता येईना. जोर लावला तर उताणा पडलो. आता करायचं काय? हाताला लागलेला एक बटाट्यासारखा मळकट दगड दुसऱ्यावर आपटत राहिलो. तो उकलला, दाजी, आणि आत खोली निघाली हो! मुठीएवढी, भिंतीभर जांभळे स्फटिक, आणि त्यांच्यावर पहिल्यांदाच पडलेलं ऊन. माणूस जन्मायच्या आधीपासून बंद असलेली खोली. कोणी बघणार नाही, तरी काम किती नेटकं! आम्ही अस्तराआड कशाही गाठी मारतो, कोण बघतंय म्हणून. मला रडू आलं, सरळच सांगतो.

रखवालदार आला तो शिव्या देतच. पण दगड पाहिला आणि मटकन माझ्याशेजारी बसला. दगडाची दोन्ही अर्धुकं आम्ही आळीपाळीनं उन्हात धरून बघत राहिलो. मग त्याला नियम आठवला. मला चालवत नव्हतं, त्यामुळे सगळे खिसे रिकामे करवले. ती दोन अर्धुकं मात्र राहू दिली. मला त्यानं कॉलर धरून उभं केलं. खांद्याची शिवण तसूभरही हलली नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

ताईला नमस्कार.

तुमचा पालथा मेहुणा

ता. क. ओळखलंच असेल, कोट तुमचाच. आपलं माप एकच, आणि चालून-बसून पाहिल्याशिवाय मी कोट हातावेगळा करत नाही. माती झटकलीय, खिसे उसवून इस्त्रीही केलीय. ताईला यातलं काही कळू देऊ नका, पाया पडतो.

आणखी एक. डावीकडचा आतला खिसा ठेवलाय. त्यात एक अर्धुक आहे. दुसरं पुडीत बांधलंय, ते भाचीच्या सामानात तळाशी घाला. निघताना ती वळून बघेल, आणि चारचौघांत तुम्ही काही रडणार नाही, मला माहीत आहे. तेव्हा हात आत घाला. कोट एका बाजूला ओढतोय असं कोणी म्हणालंच, तर शिंप्यानं बिघडवला म्हणून सांगा.