घरच्या माणसाला कागद कशाला

मिल्टन कीन्स, १२ नोव्हेंबर

प्रिय इलियाना,

तुझ्या चपला अजून दाराशीच आहेत. आई त्या कुणाला हलवू देत नाहीत. सकाळी नऊ वाजले की विचारतात, "इलियाना आली का?"

बल्गेरिया युरोपियन युनियनमध्ये आला म्हणून तू इथे येऊ शकलीस आणि सात वर्षं माझ्या सासूबाईंना सांभाळलंस. "आजी, उठा" म्हणायलाही शिकलीस. पुढे ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं, तेव्हा इथे राहण्यासाठी तुला माझं एक पत्र हवं होतं, तू आमच्याकडे काम करतेस एवढंच सांगणारं. मी हसून म्हटलं, "अगं, तू घरचीच. घरच्या माणसाला कागद कशाला?"

खरं म्हणजे तुझ्या पगारावरचा टॅक्स, तुझा सरकारी इन्शुरन्स आम्ही कधी भरलाच नव्हता. पत्र दिलं असतं तर आमचंच बिंग फुटलं असतं. तुला ते कळलं होतं. तरी जाताना तू आईंच्या पाया पडलीस. तुझा तिकडचा पत्तासुद्धा मी घेतला नाही.

काल आईंनी मला तुझ्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. त्यांनी हळूच विचारलं, "सुचेताने तुझं ते पत्र दिलं का गं?"

"दिलं," मी म्हटलं.

सुचेता