शेजाऱ्याचा दम

४ फेब्रुवारी

चि. ढापण्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढल्याचं वाचून बाबा म्हणाले, सरकारी कागद वाचून कुणाचे डोळे सुधारलेत? तेवढं बोलून त्यांना बराच वेळ खोकला आला. थंडीत त्यांची छाती फारच भरते. खडीच्या कारखान्यातली धूळ आता काही निघायची नाही, ती त्यांच्याबरोबरच जाणार.

तरी मंगळवारी आणि शुक्रवारी ते माझ्या गाण्याच्या वर्गाला येतात म्हणजे येतातच. वर्गात बहुतेक सगळे कारखान्यातले जुने कामगार. अख्खी ओळ एका दमात म्हणणारा त्यांच्यात एकही नाही, म्हणून मी त्यांना जोडीने बसवते. एकाने श्वास घेतला की शेजाऱ्याने सूर धरायचा, शेजाऱ्याचा दम संपला की पहिल्याने. काही झालं तरी ओळ तुटता कामा नये. बाबांच्या शेजारी बंबवाले काका असतात, कारखान्याच्या आगीच्या बंबावर होते ते. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत गातात, भांडताहेत असंच वाटतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की वर्ग सुरू झाल्यापासून ही मंडळी धापा टाकत दाखल व्हायला फारशी येत नाहीत. आणि नवरा गेल्यापासून घराचं दार न उघडणारी आपली शिंपीणबाई आता सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडते. नगरपालिकेने सभागृह दिलं, दिवा-पंखा दिला, म्हणून एवढं झालं. पुढच्या महिन्यात तुमची अनुदान समिती पाहणीला येते आहे. अनुदान थांबलं की सभागृहाला कुलूप. तू समितीत कारकून आहेस. वशिला नको, पण त्यांना काय दाखवू तेवढं सांग.

तुझी आठवण काढणारी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वशिल्याची काळजी करू नकोस. माझ्या शब्दाला इथला चहावालासुद्धा विचारत नाही.

पण पाच वर्षं या लोकांचे चेहरे बघतोय, म्हणून सांगतो. अध्यक्षांना गबाळेपणाचा तिटकारा आहे. मागच्या गावी एका वाद्यवृंदात कुणी बेसूर वाजवलं, तर ते मधेच उठून गाडीत जाऊन बसले. तेव्हा त्या दिवशी ज्यांचे आवाज स्वच्छ आहेत त्यांनाच उभं कर. शिंपीणबाई, वर्गाला येणाऱ्या तुझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका, अशा. खोकणाऱ्यांना त्या दिवसापुरतं बसवू नकोस. बाबांनाही. त्यांना वाईट वाटेल, पण एका दिवसाचा प्रश्न आहे. अनुदान मिळालं की मग खुशाल खोका म्हणावं वर्षभर.

बाबांना नमस्कार सांग. माझा सल्ला म्हणून सांगू नकोस, तुझाच म्हणून सांग.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. ढापण्यास,
अनेक आशीर्वाद.

गंगेत घोडं न्हालं रे! गाणं इतकं सुरेख झालं, की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. शिंपीणबाईने सगळ्यांना एकसारखे पांढरे सदरे शिवले होते. अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते, हे तू पाहिलंसच. माझ्याकडे बघून तू मान हलवलीस, तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.

एक मात्र तुला दिसलं नसेल. बाबा आणि बंबवाले काका घरी थांबायला तयार होईनात. सभागृहामागच्या बोळात, बंद दाराशी दोन खुर्च्या टाकून बसले होते. खोकला आत ऐकू जाऊ नये म्हणून बाबांनी तोंडात टॉवेल कोंबला होता. मी नंतर गेले तर डोळे लाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. एवढंच म्हणाले, की छान झालं, पण आम्ही आमच्याच घरी चोरासारखे बसलो. आता निकाल आला की त्यांना पहिल्या रांगेत बसवीन.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. अनुदान थांबवलं.

अध्यक्ष म्हणाले, की इतक्या तयारीच्या मंडळींना लोकांच्या पैशांची गरज काय? तिकीट लावा, कमवा. एक सदस्या म्हणाल्या, की अर्जात आजारी कामगारांसाठी वर्ग असं लिहिलंय, पण तिथे एकही आजारी माणूस दिसला नाही. तेव्हा सगळे हसले. मी कोपऱ्यात बसून हे सगळं टिपत होतो. ताई, बोळात बसलेले बाबा मला माहीत होते आणि मी तोंड उघडलं नाही. माझ्याच सल्ल्याने त्यांना लपवलं हे तिथे बोलायची माझी छाती झाली नाही. करायला गेलो एक आणि होऊन बसलं भलतंच.

बाबांना तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.

अपराधी,
धाकटा

१९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू परवा परत गेलास. दोन दिवस इथे होतास, पण घर माणसांनी भरलेलं, त्यामुळे बोलणं झालंच नाही. ते आता लिहिते.

सभागृहाला कुलूप लागल्यावर आम्ही आपल्या बाहेरच्या खोलीत बसून पाहिलं. सहाव्या खुर्चीला जागा नाही. मग घरमालक कुरकुरायला लागला. मैदानात बसलो तर रस्त्याची धूळ. पावसाळ्यानंतर एकेक जण यायचा थांबला. शिंपीणबाईचं दार पुन्हा बंद असतं. बाबा मात्र मंगळवारी, शुक्रवारी संध्याकाळी ठरल्या वेळी खुर्ची ओढून एकटेच सुरू करायचे. अर्ध्या ओळीत दम संपला की बंबवाल्या काकांच्या बाजूला बघायचे. तिथे कपाट. मग खुर्ची उचलून परत जागेवर ठेवायचे. ऑक्टोबरात तेही थांबलं. बाबा गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की आजार त्यांना नेणारच होता, पण वर्ग चालू असता तर या थंडीत नेलं नसतं. त्यांनी ते मला दिलासा म्हणून सांगितलं की काय, मला कळलं नाही.

तू गेल्यावर संध्याकाळी वर्गातले सगळे आले. शिंपीणबाईसुद्धा. बाबा एकटे म्हणायचे तीच ओळ एकदा त्यांच्यासाठी म्हणू म्हणाले. बंबवाल्या काकांचा दम संपला, त्यांनी सवयीने उजवीकडे मान वळवली, आणि ओळ तुटली. कुणीच पुढे धरली नाही. मीही नाही. सगळे आपापल्या चपला घालून निघून गेले.

मला तुझा राग येतो. मग आठवतं, की त्यांच्या हातात टॉवेल मीच दिला होता.

ताई

८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग ठेव. तो माझ्याच वाट्याचा आहे.

निर्णयाचा फेरविचार मागता येतो. मी मागितला, स्वतःच्या नावाने. साहेबांनी बोलावून सांगितलं, की समितीच्या कारकुनाने समितीपुढे अर्जदार म्हणून उभं राहायचं नसतं, खुर्ची सांभाळ. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या ती. पुढे काय होईल ते होवो. अनुदान मिळेलच असंही मी तुला खोटं सांगणार नाही. पण या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी समितीला आपलं ऐकावं लागणार आहे.

सगळ्यांना घेऊन ये. पांढरे सदरे नकोत. सगळ्यात जास्त खोकतो तो पहिल्या रांगेत, आणि खोकला आला की खुशाल खोकू दे. टॉवेल कुणाच्याही हातात देऊ नकोस.

मी बंबवाल्या काकांच्या उजव्या हाताला उभा राहीन. मला सूर नाही हे तुला आणि अख्ख्या आळीला ठाऊक आहे. पण माझी छाती स्वच्छ आहे, ताई. बाबांनी मला कारखान्याच्या फाटकापाशीसुद्धा कधी उभं राहू दिलं नाही. काका मान वळवतील तेव्हा मी धरीन.

जमलं तर लोभ ठेव.

तुझा,
धाकटा