आईच्या समाधीचा भाव

तोयामा, नोव्हेंबर

प्रिय सायोकोताईस, नोरिएचा आदराने नमस्कार.

साप्पोरोत बर्फ सुरू झालं असेल. गुडघा सांभाळ, अंगणातलं बर्फ एकटीने उपसू नकोस. इकडे बाबा खुशाल आहेत. आईही (म्हणजे तिचा अस्थिकलश) देव्हाऱ्याशेजारी पांढऱ्या कापडात आहे तशीच आहे.

ती गेली तेव्हा बाबा म्हणाले होते, समाधीची घाई नको, पुढच्या वर्षी स्वस्त पडेल. आपण दोघी रागावलो होतो. पण रोजनिशी चाळून प्रामाणिकपणे लिहायचं तर त्यांचंच बरोबर ठरलं. मंदीत वस्तू वर्षागणिक स्वस्त होत गेल्या आणि कपाटातली रोकड व्याजाशिवाय जागच्या जागी गुटगुटीत झाली. म्हणून ते वीस वर्षं थांबले. (मी का थांबले, हे मला अजून नीट लिहिता आलेलं नाही.)

आता उलटं झालंय. तांदूळ दुप्पट महागला. बाबा रोज संध्याकाळी कपाट उघडून नोटा मोजतात. नोटा तेवढ्याच, पैसे मात्र कमी. मी अर्थशास्त्र शिकलेली, त्यांना महागाई समजावून दिली. ते म्हणाले, "कुलूप न तोडता कपाटातून जातं, त्याला आमच्यात वेगळं नाव आहे." मग कलशाकडे वळून, "तूच ना गं? सढळ हात तुझाच." आणि बराच वेळ मान हलवत ऐकत बसले. मीही कान दिला, हे लपवत नाही.

शेवटी त्यांना दगडवाल्या हिरानुमांकडे नेलं. त्यांनी तयार दरपत्रकच पुढे ठेवलं. तुमच्या घरून बाईंचा फोन आला होता म्हणाले. वयस्कर आवाज, पुढच्या महिन्यात दगड महागणार, त्याआधी उरकून घ्या म्हणत होत्या. मला वाटलं, घसा बसलेली तू असशील. बाबांना नवल वाटलंच नाही. "तिला सेल चुकलेला कधी खपलाय?" म्हणाले, आणि सही केली.

तुझी,
नोरिए

ता.क. फोन तू केला नसलास, तर तसं कळवू नकोस.

आणखी ता.क. आईच्या शेजारी बाबांनी स्वतःचंही नाव कोरून घेतलं. माणूस जिवंत, म्हणून लाल रंगात. पुढे महाग पडेल म्हणे. पैसे कपाटात वाळण्यापेक्षा दगडात बरे, असं "आमचं दोघांचं" मत आहे म्हणाले, आणि दगडावर अजून दोन नावांची जागा आहे. माझं काल झालं. रंग ओला होता, बोटाला लागला. घटस्फोटानंतर तू कोणतं आडनाव लावतेस, तेवढं उलटटपाली कळव. हा दर महिनाअखेरपर्यंतच आहे.